मुखवटा उतरताना घ्यायचं नाव

एका राज्यात माणसं मेली की त्यांचे चेहरेही मरत. सकाळी बापाला अग्नी द्यावा आणि चिता विझेपर्यंत लेकाला आठवू नये, बापाचं नाक सरळ होतं की बाकदार. नाव राही, आवाज राही, दाराशी झिजलेल्या वहाणा राहत. तोंड तेवढं जाई.

याला कारण राजा धवलसेन. तिथल्या देवराईत देवी होती, म्हणजे नुसता गोल पाषाण, आणि त्यावर पूर्वजांनी चढवलेला सोन्याचा मुखवटा. धवलसेनाला नवा मुकुट हवा झाला. जुना धडधाकट होता, पण राजेलोकांना जुनं डोक्यावर चालत नाही. त्याने देवीचा मुखवटा उतरवून वितळवला. मुकुट डोक्यावर चढला त्याच दिवशी पाषाणातून शब्द आले, "माझं मुख नेलंस, राजा. तुझ्या राज्यातून जो जाईल, तो आपलं मुख सोबत घेऊन जाईल." राजाने ते हसण्यावारी नेलं. पुढे त्याचा एकुलता एक पुत्र, मेघध्वज, तापाने गेला.

आता राणी. तिचं नाव या कथेत येणार नाही; का, ते पुढे कळेल. मुलाचा अंगरखा मांडीवर घेऊन ती दिवस दिवस बसे. अंगरख्याला बाह्या होत्या, गळा होता, गळ्याच्या वर काही नव्हतं. आपण आई असून पोराची हनुवटी आठवत नाही, याची तिला लाज वाटे, आणि त्या लाजेपायी ती दासींसमोर रडतही नसे. राजाने घाबरून मुकुट पुन्हा भट्टीत घातला. सोनं तापलंच नाही. मांत्रिक आले, बिदागी घेऊन गेले.

देवराईत एक म्हातारा धनेश पक्षी राहत होता. तो माणसासारखा बोले, आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे. राणीने त्याच्या झाडाखाली पदर पसरला.

"सोन्याचं मुख आता व्हायचं नाही," धनेश म्हणाला. "लाकडाचं कर. दगडावर ते बसणार नाही. जिवंत माणसाने ते ल्यावं आणि देवीपुढे नाचावं. तीन गोष्टी सांभाळ. लाकूड कुऱ्हाडीचं नको. रंग बाजारातला नको. आणि मुखवटा उतरेल तेव्हा समोर आपलं माणूस हवं. त्याने सर्वांआधी नाचणाऱ्याचं नाव घ्यावं. दुसरं नाव आधी आलं, तर नाचणाऱ्याची ओळख देवी ठेवून घेईल."

राणी एका जुन्या पांगाऱ्याखाली जाऊन बसली. पांगारा फुलला, झडला, पुन्हा फुलला, आणि एका वावटळीत आपणहून आडवा झाला. वाकोबा सुताराने त्याचा मुखवटा कोरला, तोही डोळे मिटून, कारण देवीचं मुख कसं होतं हे त्यालाही आठवत नव्हतं. रंगासाठी, ज्या घरातला चेहरा हरवला त्या घरच्या दिव्याचं काजळ हवं होतं. राणी शिंपली घेऊन दारोदार फिरली. एका म्हातारीने विचारलं, "केलं राजाने आणि मागतेस तू?"

"पोर माझंही होतं, आजी," राणी म्हणाली. म्हातारीने दिव्यावरचं सगळं काजळ खरवडून दिलं.

राहिलं तिसरं. राणी राजाला म्हणाली, "महाराज, मुखवटा मी लेईन. उतरला की माझं नाव घ्या. एवढंच."

राजा म्हणाला, "ज्या नावाने रोज हाक मारतो, ते चुकेन कसा?"

दिवस कलताना संबळ वाजू लागला आणि राणी नाचू लागली. पावलं तिची नव्हती. ती थकली तरी पावलं थकेनात. हळूहळू पाषाणावर डोळे उमटले, मग ओठ. भोवतीच्या गर्दीत ती म्हातारी आपल्या धन्याचे मिचमिचे डोळे आठवून हसायला लागली, रडायला लागली. ज्याला त्याला आपापलं माणूस दिसत होतं. मुखवट्याच्या आत राणीलाही दिसलं. मेघध्वजाची हनुवटी, तिच्यावरची खळी, जशी तिची स्वतःची होती तशीच. ती आतल्या आत हसली, ते कुणाला दिसलं नाही.

संबळ थांबला. राणीने मुखवटा वर उचलला. राजा समोरच उभा होता, तिचं नाव अगदी ओठांवर घेऊन. त्याने तिचे डोळे पाहिले, हनुवटीची खळी पाहिली, आणि त्याच्या तोंडून निघालं, "मेघध्वजा!"

राजाने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि आदराने विचारलं, "बाई, आपण राणीला पाहिलंत का? ती आत्ता इथं नाचत होती."

तिने नाव सांगायला तोंड उघडलं. नाव आलं नाही. तिला राग आला नाही म्हणावं, तर ते खोटं होईल. आला, फार आला. पण राजाने जे नाव घेतलं, तेच तिच्याही ओठांवर होतं.

"मुलगा आठवला ना, महाराज?" तिने विचारलं.

"आठवला."

"मग झालं," ती म्हणाली आणि देवीपुढच्या विझत आलेल्या दिव्यात तेल घालायला वळली.

राजाने मुकुट देवीच्या पायाशी ठेवला आणि उघड्या डोक्याने न्यायाने राज्य केलं. प्रजा आपल्या मेलेल्यांना आठवून सुखाने रडू लागली. राणीचा शोध त्याने अखेरपर्यंत केला. दरवर्षी देवराईत देवीच्या देवळात येई, तिथल्या दिवाबत्तीच्या बाईला नमस्कार करी, आणि राणीची काही खबर आहे का म्हणून विचारी.

त्या देवळात अजून मुखवटे नाचतात. लाकूड आपणहून पडलेल्या झाडाचं, काजळ घराघरातलं. मुखवटा उतरताना आई नाहीतर बायको समोर येऊन उभी राहते आणि सर्वांआधी नाचणाऱ्याचं नाव घेते. तोवर दुसरं कुणी बोलत नाही. सगळ्यांची नावं घेऊन झाली तरी माणसं लगेच घरी जात नाहीत. थोडा वेळ तशीच गप्प उभी राहतात, कारण एक नाव घ्यायचं राहिलेलं असतं आणि ते कुणालाच ठाऊक नाही.