चौकातली बिजली

गावात सिग्नलचे दिवे नवे होते, त्या काळची गोष्ट. दिवा हिरवा झाला की बिजली नावाची मोटरसायकल शेजारच्या हिरा नावाच्या मोटरसायकलच्या मागे पडायची. ते तिच्या फार जिव्हारी लागलं. गफूर मिस्तरींकडे हट्ट धरून तिने सुटताना जोर मिळावा म्हणून मागच्या चाकाला साखळीचं जास्त दात्यांचं चक्र बसवून घेतलं. मग काय, दिवा बदलायचा अवकाश, बिजली सुसाट सुटायची. चौकात तिचाच बोलबाला झाला.

एकदा दोघी लांबच्या मोकळ्या रस्त्याला लागल्या. थोड्याच वेळात बिजलीचं इंजिन किंचाळू लागलं, वेग मात्र वाढेना. हिरा शांतपणे तिला ओलांडून दिसेनाशी झाली.

"अरे, पळ की अजून," बिजली चक्रावर खेकसली.

"जीव तोडून पळतोय, बाई," चक्र म्हणालं. "पण तुम्ही मला चौकापुरतं मागून घेतलंत. चौक केव्हाच मागे राहिला."