शिंपिणीचा टाका

बसा गप. ऐका.

एक होती शिंपीण. बाई नव्हे, पाखरू. मुठीत मावेल एवढं. चोचीने पानं शिवायची. शिवलेल्या पानांचंच तिचं घरटं. आत एकच अंडं.

वारा आला. टर्र! टाके उसवले. घरटं लोंबू लागलं.

टुइट टुइट! शिंपीण कोळ्याच्या जाळ्याकडे गेली.

"कोळीदादा, धागा दे.
माझं अंडं पडेल ना!"

"आधी पान आण. मला छप्पर करायचंय. बदामाच्या आकाराचं हवं. गुळवेलीचं."

टुइट टुइट! गुळवेलीकडे गेली.

"वेलीताई, पान दे.
कोळी धागा देईना.
माझं अंडं पडेल ना!"

"कशी देऊ? ही शेळी मला ओरबाडतेय. आधी तिला हटव."

टुइट टुइट! शेळीकडे गेली.

"शेळीमावशी, हट ना.
वेल पान देईना.
कोळी धागा देईना.
माझं अंडं पडेल ना!"

"मला भूक लागलीय. आधी पाला आण. करवतीसारख्या कडेचा. कडुनिंबाचा."

टुइट टुइट! कडुनिंबाकडे गेली.

"निंबआजोबा, पाला दे.
शेळी काही हटेना.
वेल पान देईना.
कोळी धागा देईना.
माझं अंडं पडेल ना!"

"घसा सुकलाय माझा. आधी पाणी आण."

टुइट टुइट! पारूआत्याकडे गेली. आत्या अंगणात पत्रावळी लावत होती.

"आत्या, पाणी घाल.
निंब पाला देईना.
शेळी काही हटेना.
वेल पान देईना.
कोळी धागा देईना.
माझं अंडं पडेल ना!"

"मला सवड आहे का? दुपारी पंगत आहे. बोटं ठणकतात. शेवटची पत्रावळ राहिलीय. तू शिंपीण ना? मग घाल टाके!"

"घालते. पण फुकट नाही. टाके माझे, पाणी तुझं!"

"चोच केवढी, बोलणं केवढं!" आत्या हसली. "बरं, कबूल."

पळसाची पानं. रुंद, गोल. कड गुळगुळीत. टुच टुच टुच! काडी आत, काडी बाहेर. पत्रावळ झाली.

आत्याने पाणी घातलं. घळघळ!
निंबाने पाला दिला. सळसळ!
शेळी हटली. मचमच!
वेलीने पान दिलं. टप!
कोळ्याने धागा दिला. सर्रर्र!

शिंपिणीने घरटं शिवलं. टुच टुच टुच! घट्ट गाठ मारली. अंड्यावर बसली.

टिक. टिक. टिक.
अंडं फुटलं!

पिल्लू म्हणालं, "आई, भूक!"

शिंपीण म्हणाली, "आधी आईला बसू दे!"