टपरीवरचा पंच

एकदा एक तरुण फौजदार न्यायालयातून थेट आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेला. आचार्य पूर्वी पोलीसप्रमुख होते. मुदतीआधीच अधिकारपद सोडून ते भावी अधिकाऱ्यांना गुन्हेतपास शिकवू लागले, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढले होते.

"सर, आरोपी सुटला," फौजदार म्हणाला.

एका सायकल दुरुस्तीवाल्याच्या मुलीचा खून झाला होता. आरोपीने विहिरीत टाकलेला कोयता स्वतःच दाखवला. आता पंचनाम्याला साक्षीदार म्हणून पंच हवा. घाईत कुठून आणायचा? ठाण्यासमोरचा पानटपरीवाला नेहमीचाच. त्याने बसल्या जागी सही ठोकली. पुढे कोर्टात आरोपीच्या वकिलाने विचारले, "विहीर पाहिलीत?" तो बापडा म्हणाला, "विहीर कशाला बघायची? साहेबांचा कागद आला की मी सही करतो." तिथेच खटला कोसळला.

"मुलीचा बाप अजून कोर्टाच्या पायरीवर बसलाय. मी त्याला शब्द दिला होता. एका सहीसाठी खुनी सोडतात का हो, सर?"

आचार्यांनी धीर दिला नाही, की रागावलेही नाहीत. त्यांनी त्याच्या हातात खडू ठेवला. "माझा तास आहे. विषय, पंचांची निवड. आज तू घे."

"मी काय शिकवायला आलोय इथं?"

"चल."

फौजदार मनातून संतापला. पण गुरूचा शब्द मोडवेना. विषय तोंडपाठ होता. पंच तटस्थ हवा, जागेवर हजर हवा, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवे. तो धडाधड बोलत गेला. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घाई असली आणि असा माणूस मिळालाच नाही तर?"

त्याने खडू खाली ठेवला. "तर थांबायचं," तो कसाबसा म्हणाला. "मी थांबलो नाही. तो खुनी माझ्यामुळे सुटला."

तास संपल्यावर आचार्य म्हणाले, "ठाण्यात घाई शिकवतात आणि वर्गात नियम. दोन्हीकडचं एकाच माणसाच्या अंगी यावं, म्हणून मी इथं आलो. तुझ्या बाबतीत ते जमलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अपील करा; पण ती केस आता उभी राहील असं खोटं मी सांगणार नाही."

"मग त्या बापाला काय सांगू?"

"आत्ता वर्गात सांगितलंस तेच. ते ऐकण्याचा पहिला हक्क त्याचा होता."

फौजदाराने मान खाली घातली. मग तो त्या पायरीकडे निघाला.

आपण चूक कबूल करतो, ती बहुधा जिथे तिचा घाव कुणाला बसलेला नसतो तिथेच.