हातगुणाचा माणूस आणि टमाट्यावरचा रोग

मला गोष्टी सांगायची हौस नाही. सुनेच्या गच्चीवरल्या कुंड्यांत टमाट्याची पानं आकसली, तिच्या बागवाल्या ग्रुपात आणखी चौघींची आकसली, आणि आता म्हणे, बाबा, तुम्हाला यातली एक गोष्ट येते ना, तेवढी लिहून द्या. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला कागद देऊन बसवलंय आणि चहाचं कुणी नाव काढत नाही. लिहितो. मध्ये मध्ये काही विचारू नका.

एक गाव होतं. कुठल्या तालुक्यातलं ते सांगत नाही, तुम्ही लगेच तिथले पाहुणे काढाल. त्या गावात घरटी मागच्या बाजूला परस होतं आणि परसात टमाटे होते.

आणि तिथं एक हातगुणाचा माणूस होता. त्यानं रोप लावलं की जगायचं. पानाच्या बेचक्यात जी बगलफूट येते ती त्यानं खुडली की झाड फळांनी वाकायचं. निदान लोक तसं म्हणायचे, आणि चार लोक रोज म्हणायला लागले की माणसालाही ते पटतं. सकाळी आंघोळ करून तो निघायचा आणि घरोघर फिरायचा. कुणाचं झाड काठीला बांध, कुणाची फूट खूड, कुणाच्या पानांवरून नुसता हात फिरव. दुपारपर्यंत त्याचे तळवे टमाट्याच्या रसानं हिरवेकाळे व्हायचे. एका घरून दुसऱ्या घरी जाताना ते धुवायचे नाहीत अशी रीत होती. धुतले तर गुण पाण्यात जातो म्हणे. ही रीत कुणी काढली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळायचे सगळे.

एका वर्षी सरपंचीणबाईंनी शहरातून मोठ्या फळाची रोपं आणली. गावातली रोपं त्यांना बारकी वाटायची. लावल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडले, शेंड्याची पानं दोऱ्यासारखी बारीक झाली. बाईंनी हातगुणाच्या माणसाला बोलावलं. त्यानं एकेक पान कुरवाळलं, वाईट दिसणारे शेंडे खुडले, चहा घेतला आणि शेजारच्या घरी गेला.

मग शेजारच्या घरी चट्टे पडले. त्यांनीही त्यालाच बोलावलं. मग त्यांच्या पलीकडे. जितकी झाडं आजारी पडत गेली तितकं त्याला बोलावणं वाढलं, आणि जितका तो फिरला तितकी आणखी पडली. फळं धरली ती खडबडीत, आतून तपकिरी. गुरांपुढे टाकली तर गुरंही हुंगून सोडायची.

एक परस तेवढं हिरवंगार राहिलं. गावाच्या कडेला एक बाई होती, तिचा नवरा हंगामाच्या तोंडाशीच वारला होता. सुतकाच्या घरी शुभकामाचा हात लावत नाहीत, म्हणून हा माणूस तिकडे फिरकला नाही. सुतक फिटल्यावर तिनंही बोलावलं नाही. एकट्या बाईनं पुरुषाला परसात बोलावलं की लोक काय बोलतात ते तिला माहीत होतं. रोपं तिनंच लावली, तिनंच बांधली. नवरा गेल्यावर तिचं घर त्या परसावर चालणार होतं. टमाटे पाटीत घालून ती बाजारात बसायची, दुसरं काही तिच्याकडे नव्हतं.

आता गावाचं डोकं कसं चालतं बघा. सगळ्यांची झाडं मेली आणि हिची जगली, यावरून हिला काही येतं का ते विचारावं, हे एकालाही सुचलं नाही. हिनं काहीतरी केलं, एवढं मात्र सगळ्यांना सुचलं. सरपंचीणबाई पुढे झाल्या. हिच्या परसातलं सगळं उपटून टाकायचं म्हणजे गावावरची बाधा जाईल, असं ठरलं. आणि उपटायचं कुणी, तर हातगुणाच्या माणसानं, म्हणजे पुन्हा काही उलटायला नको.

भर दुपारी सगळे तिच्या परसात जमले. बाई दारात उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की मी खाऊ काय, ते ठरवलंत का?

हातगुणाचा माणूस पहिल्या झाडाला हात घालायला वाकला आणि तसाच थांबला. इतकं निरोगी पान त्यानं त्या हंगामात पाहिलंच नव्हतं. आणि त्या पानाशेजारी त्याचा स्वतःचा हिरवाकाळा पंजा. सरपंचीणबाईंकडून शेजारी, शेजारून पलीकडे, अशी घरं त्याच्या डोळ्यांपुढे ओळीनं आली. तो ज्या वाटेनं फिरला होता तीच ती ओळ.

त्यानं हात मागं घेतला. "गावातल्या प्रत्येक परसात मी गेलो," तो म्हणाला. "इथं तेवढा आलो नाही."

"मग?" सरपंचीणबाई म्हणाल्या.

"रोग माझ्या हातानं फिरत असंल."

लोक हसले. एकजण म्हणाला, भाऊला ऊन लागलं. सरपंचीणबाई हसल्या नाहीत. रोग हातानं फिरला असेल तर तो निघाला त्यांच्याच परसातून, एवढं त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. उद्या सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून ये, आणि सगळ्यांसमोर हिच्या एका झाडाला हात लाव. झाड पडलं तर तुझा हात वाईट. जगलं तर ही बाई वाईट. मग सगळं उपटायचं."

बाईनं कोपऱ्यातलं झाड दाखवलं. "ते घ्या," ती म्हणाली.

आता इथं नीट ऐका. त्या माणसाला फक्त सांगितलं तसं वागायचं होतं. स्वच्छ हातानं झाडाला शिवायचं, झाड जगलं असतं, त्याचं नाव राहिलं असतं आणि गाव खूश झालं असतं. त्याला खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. जायचं ते बाईचं परस गेलं असतं.

सकाळी तो आंघोळ न करता निघाला. आधी सरपंचीणबाईंच्या परसात शिरला, आजारी पानं दोन्ही हातांत चुरगळली, आणि रस तसाच ठेवून सगळ्यांच्या देखत बाईच्या कोपऱ्यातल्या झाडाची बगलफूट खुडली. पारोशानं शिवलं म्हणून दोघं-तिघं ओरडले.

दिवस गेले. कोपऱ्यातल्या झाडावर पिवळे चट्टे आले, शेंडा दोऱ्यासारखा झाला. बाकीची झाडं होती तशी होती.

तरी कुणीतरी म्हणालंच, की पारोशानं हात लावला म्हणून झाड गेलं.

"मी दुसरं काय म्हणतोय?" तो म्हणाला. "न धुतलेल्या हातानंच गेलं."

बाईनं कोपऱ्यातलं झाड स्वतःच मुळासकट काढलं आणि परसाबाहेर नेऊन जाळलं. मग एकेक करून गावानं आपापली आजारी झाडं उपटली. त्या वर्षी आमटीत चिंच पडली. पुढच्या हंगामाला बियाणं बाईकडूनच घ्यावं लागलं, आणि तिनं ते दिलं.

हातगुणाच्या माणसाची लोकांनी मिरवणूक काढली का? नाही काढली. त्याला कुणी बोलावेनासंच झालं. रस्त्यात दिसला तर लोक रोपांवर पदर नाहीतर टॉवेल धरायचे. पुढच्या वर्षी लागवडीला एकाच घरून बोलावणं आलं. बाईनं परसाच्या तोंडाशी पाण्याची बादली आणि साबण ठेवला होता, आणि लोकांनी काही बोलू नये म्हणून शेजारच्या म्हातारीला सगळ्यांना दिसेल अशी ओट्यावर बसवलं होतं. त्यानं हात धुतले आणि रोपं लावली. ती जगली. हातगुणानं जगली की साबणानं, ते त्यानं विचारलं नाही.

तात्पर्य: रोग कुठून आला हे शोधायला निघालात तर आधी स्वतःचे हात बघा, आणि त्यांवर काही दिसलं तर चारचौघांत दाखवा.

सरपंचीणबाई त्या बाईची माफी मागायला कधी गेल्या नाहीत. असे लोक गोष्टीतच असतात असं नाही. गेल्या साली आमच्या गावी टमाट्यावर रोग आला तेव्हा, या म्हाताऱ्यानंच, म्हणजे मीच, काहीतरी फवारलं, असं पारावर बसून सांगणारा आणि नंतर स्वतःच्याच नर्सरीतली रोपं रोगट निघाल्यावर तोंड चुकवून जाणारा तो झुंबर ढगे त्यातलाच.