कुरवाने केलेली गंमत

या खाडीतला सगळ्यात शहाणा कुरव पक्षी म्हणजे मी. आता इथे दुसरा कुरवच उरलेला नाही, ते सोडा.

होड्यांना नुकती इंजिनं लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. शहरातली माणसं डॉल्फिन बघायला यायची. नावाडी मात्र पाण्याकडे न बघता वर माझ्याकडे बघायचे. मी घिरट्या घालत ओरडलो की खाली डॉल्फिन, हे त्यांना पाठ झालं होतं. मग सगळ्या होड्या एकदम धावायच्या, टोप्या उडायच्या, एखादे भाऊसाहेब वडापावासकट शेजारणीच्या मांडीवर बसायचे. मला हसू आवरायचं नाही.

एका सकाळी चंदेरी डॉल्फिन खाडीच्या तोंडाशी पिल्लाला पाजत होती. म्हणाली, "आजोबा, आज ओरडू नका हं. चारच दिवसांचं आहे. माझ्याशिवाय त्याला वाट कळत नाही."

"बरं बाई, चोच बंद," मी म्हणालो.

तेवढ्यात पाच होड्या येताना दिसल्या आणि मला राहवेना. एकदाच ओरडलो. होड्या चहूबाजूंनी घुसल्या, इंजिनांचा गदारोळ उठला. चंदेरीने एकीकडे बुडी मारली, पिल्लाने दुसरीकडे.

तिसऱ्या दिवशी ती मला एकटीच दिसली. मी तिच्याजवळ पाण्यावर उतरलो.

"पोरी, नुसती गंमत केली गं. एकदाच तर ओरडलो."

"ऐकलं ना मी, आजोबा," ती म्हणाली. "तुमचं हसणंसुद्धा ऐकलं. त्या गोंगाटात माझ्या पिल्लाची हाक तेवढी ऐकू आली नाही."