दगड झालेल्या झाडाचा फोटो

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कॅमेरा होता का, असं मध्येच विचारू नका. गोष्टीत होता.

एका वाळवंटाच्या काठी एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याची लेक राहत. वाळवंटातल्या उघड्याबोडक्या टेकड्यांमध्ये एका झाडाचं खोड आडवं पडलं होतं. युगं लोटली, तसा त्या लाकडाचा दगड झाला होता. लहानपणी वाळूच्या वादळात म्हातारा त्याच खोडाआड दडून वाचला होता. तेव्हापासून तिथे गेला की पाण्याचा पहिला घोट तो झाडाला घाली आणि मग स्वतः पिई.

आता त्याला अंथरुणातून उठवत नव्हतं. तो लेकीला म्हणाला, "पोरी, डोळे मिटायच्या आत माझं झाड एकदा दाखव गं. आणि आधी त्याला पाणी घाल हं."

लेक कॅमेरा घेऊन निघाली. उन्हाने जीव कासावीस झाला. खोडाच्या सावलीत बसून तिने सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

खोडावरचा सरडा म्हणाला, "बाई, आणि झाडाचा वाटा?"

"दगडाला कसली आलीय तहान!" ती हसली. मग रोल संपेपर्यंत फोटो काढत सुटली.

घरी येऊन तिने रोल धुतला. म्हाताऱ्याने फोटो डोळ्यांजवळ धरले. त्यात नुसता धुळकट, करडा दगड होता.

"हा कुठला धोंडा आणलास? माझं झाड कुठाय?" असं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हाताऱ्याचे आता फार दिवस उरले नव्हते.

ती पुन्हा निघाली. घशाला कोरड पडली, तरी पाण्याला तोंड लावलं नाही. खोडापाशी येऊन तिने हात जोडले.

"चुकलं माझं. तू होतंस म्हणून आबा वाचले. ते वाचले म्हणून मी आहे."

तिने खोडावर पाणी ओतलं. धूळ वाहून गेली आणि काय सांगू, दगडातून तांबडी, पिवळी, जांभळी वर्तुळं वर आली, जिवंत झाडाच्या बुंध्यात असतात अगदी तशी! ओल सुकायच्या आत तिने फोटो काढला.

तो फोटो पाहून म्हातारा उठून बसला. कितीतरी वेळ त्या वर्तुळांवरून बोट फिरवत राहिला. "भेटलं गं माझं झाड," तो म्हणाला. मग त्याने उशाचा तांब्या उचलला आणि पहिला घोट लेकीला पाजला.

तात्पर्य : ज्याने आपल्याला तारलं त्याची आठवण आधी ठेवावी, कृतज्ञ माणसालाच दगडातलं झाड दिसतं.