चेहरा पाडणारे स्पीकर

एकदा एक माणूस स्पीकर विकत घ्यायला निघाला आणि पारख करायला सोबत घेऊन गेला कोणाला, तर दोन्ही कानांत यंत्रं घातलेल्या आपल्या गुरूंना! हसू नका. ही हकिकत प्रथम कानावर आली तेव्हा मलाही हसू आलं होतं. पुढे ते आपोआप आवरलं.

त्या माणसाचं नाव दिगंबर. तालुक्याच्या गावी दूध संघात कारकून, पण जीव सगळा ध्वनिमुद्रणात गुंतलेला. घराच्या माडीवर दहा बाय दहाची एक खोली होती. तिथे भिंतींना गोधड्या टांगून त्याने लहानसा स्टुडिओ थाटला होता. भजनी मंडळांचे अभंग, रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, कोणाच्या मुलीची मंगलाष्टकं, जे येईल ते तो रेकॉर्ड करी. ही विद्या त्याला दिली तात्यांनी. तात्या म्हणजे रेडिओ केंद्रात पस्तीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. वयोमानाने त्यांचं ऐकणं अधू झालं होतं, पण दर रविवारी दिगंबर त्यांच्याकडे शिकायला जाई, तो कधी चुकला नाही.

दिगंबरचे वडील, नाना, मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारायचे. चाळीस वर्षं हाच उद्योग. आवाज असा खणखणीत की फाटकाबाहेर चहा पीत बसलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाला भाव काय लागला, हे कप खाली न ठेवता कळावं. त्या नानांचा घसा बसला, तो काही केल्या सुटेना. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, पण आवाज राहणार नाही."

ऑपरेशनला तीन आठवडे होते. दिगंबरची पत्नी वृषाली हिला सातवा महिना लागला होता. म्हणजे येणाऱ्या बाळाला आजोबा मिळणार होते, आजोबांचा आवाज मात्र मिळणार नव्हता. हा विचार दिगंबरच्या डोक्यातून जाईना. तो कंबर कसून कामाला लागला. त्याने स्वतः बसून वहीभर मजकूर लिहिला: दोन गोष्टी, एक अंगाई, आणि बाळाला उद्देशून एक लांबलचक पत्र. तो मजकूर नानांच्या हाती देऊन त्याने त्यांना माइकसमोर बसवलं.

आता नानांनी जन्मात कधी "प्रिय बाळा, तुझ्या उज्ज्वल भविष्याची स्वप्ने मी पाहत आहे" असं वाक्य उच्चारलं होतं का हो? कोर्टाची नोटीस वाचून दाखवावी तसं ते वाचत. मध्येच अडखळत, थांबत. दिगंबर म्हणे, "असू द्या नाना, ते मी नंतर कापून टाकतो." आणि खरंच कापी. श्वास कापी, थांबणं कापी, घशातली खरखर घासूनपुसून साफ करी.

एवढी मेहनत करून त्याने पहिली गोष्ट वृषालीच्या मोबाइलवर पाठवली. तिने ऐकली, पुन्हा ऐकली, आणि अपराध्यासारखं तोंड करून म्हणाली, "राग मानू नका, पण हे नाना वाटत नाहीत. कोणीतरी पत्र्याच्या डब्यातून बोलतंय असं वाटतं."

दिगंबर मटकन खालीच बसला. आठवडा निघून गेला होता.

तो तडक तात्यांकडे गेला. तात्यांनी विचारलं, "तपासतोस कशावर?" दिगंबर म्हणाला, "घरचेच आहेत ना स्पीकर, सिनेमा बघायचे. लग्नात मिळालेले." तात्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे, ते करमणुकीसाठी केलेले. प्रत्येक आवाजाला पदरचा घुमारा जोडून देतात. नानांचा आवाज तुला तिथे जड वाटला, म्हणून तू जडपणा काढत गेलास. मुळात तो त्यांच्या आवाजात नव्हताच, स्पीकरचा होता. मग कापलंस ते काय? नानांचा खरा आवाजच! काम तपासायचे स्पीकर वेगळे असतात, त्यांना मॉनिटर म्हणतात. चल, उद्या घेऊ. आणि तुझ्या खोलीला पेलतील एवढेच घेऊ. त्या गोधड्यांच्या खोलीत मोठं धूड ठेवलंस तर भिंतीच बोलायला लागतील."

दुसऱ्या दिवशी दोघे कांतीशेठच्या दुकानात गेले. दिगंबरने आपला पैशांचा आवाका किती, ते आधीच सांगून टाकलं. शेठ जुने, गिऱ्हाइकाची कदर असलेले. त्यांनी त्या आवाक्यातल्या तीन जोड्या मांडल्या आणि एक झगमगीत गाणं लावलं. तात्यांनी हात वर केला.

"गाणं नको शेठ. दिगू, नानांचं न कापलेलं रेकॉर्डिंग आणलंयस ना? ते लाव. आणि आवाज कमी ठेव. मोठ्याने वाजवलं की सगळेच पराक्रमी वाटतात."

पहिल्या जोडीवर नाना बोलू लागले आणि दिगंबर उभ्या जागी मोहरला. काय आवाज हो! भरदार, घुमणारा, जणू यार्डातले जुने नानाच. दिगंबरच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

तात्या म्हणाले, "हे नकोत."

"तात्या, अहो, पूर्ण ऐका तरी..."

"नकोत म्हटलं ना. पुढचे लावा."

दुसऱ्या जोडीवर शब्द न् शब्द लखलखीत, नुकत्या घासलेल्या भांड्यासारखा. दिगंबरने मान डोलावली, पुन्हा हसला. तात्या म्हणाले, "हेही नकोत."

आता तिसरी जोडी. करड्या रंगाची, बुटकी, तिन्हींत स्वस्त, दिसायला अगदीच ओबडधोबड. तिच्यावर नाना बोलू लागले आणि दिगंबरला कसंसंच झालं. घोगरा, थकलेला आवाज. शब्दाआधी चिकटलेल्या जिभेचा बारीक चट असा आवाज. मागे पंख्याची घरघर. वाक्य संपता संपता दम तुटलेला. दिगंबरने मान खाली घातली. गाणी लावून पाहिली असती तर ही जोडी त्याने हातातही धरली नसती.

तात्या उठले. "शेठ, हे बांधून द्या."

कांतीशेठ चष्म्यावरून बघतच राहिले. "तात्यासाहेब, गिऱ्हाइकाला आवडलं ते द्यायचं नाही आणि नावडलं ते गळ्यात मारायचं, असा धंदा मी केला तर महिन्याभरात शटर खाली येईल माझं!"

दिगंबरने पैसे मोजले, पण आतून धुमसत होता. मनात म्हणत होता, यांना धड ऐकू येत नाही आणि निवड कसली करतात! शेवटी बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा घेताना त्याच्या तोंडून निघालंच. "तात्या, लहान तोंडी मोठा घास घेतो. पण तुम्हाला तिन्हींतला फरक ऐकू तरी आला का?"

तात्या मुळीच रागावले नाहीत. "नाही आला," ते म्हणाले. "बारीक आवाज मला या यंत्रांतूनही कळत नाहीत आता. म्हणून मी स्पीकरकडे लक्षच दिलं नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. पहिल्या जोडीवर तू हसलास. दुसऱ्या जोडीवरही हसलास. दिगू, तुझा बाप आजारी आहे रे. त्याच्या गळ्यात गाठ आहे, थोड्या दिवसांनी त्याला बोलता येणार नाही. तो आवाज ऐकून मुलगा हसतो, तर त्या स्पीकरने मुलाला बाप ऐकवलाच नाही, दुसराच कोणी ऐकवला. तिसऱ्या जोडीवर तुझा चेहरा पडला. तिथे तुला नाना भेटले. स्वस्त म्हणून नव्हे रे घेतले मी ते. खरं सांगणारे महागडेही असतात, आणि खोटं सांगणारे स्वस्तही पुष्कळ. आपल्याला खरं ऐकवणारे हवे होते, ते आवाक्यात मिळाले, हे आपलं नशीब."

दिगंबरचा चहा तसाच राहिला. गुरूंवर मनातल्या मनात का होईना, आपण चिडलो याची त्याला लाज वाटली. तसं तो म्हणाला देखील. तात्या म्हणाले, "ते जाऊ दे. घरी जा आणि दोन्ही स्पीकर स्टुलांवर ठेव, कानाच्या उंचीवर, भिंतीपासून जरा पुढे. आणि पहिले दोन दिवस एकही बटण फिरवू नकोस. नुसतं ऐक."

दिगंबरने रजा टाकली आणि दारं लावून ऐकत बसला. पहिला दिवस फार वाईट गेला. ती खरखर ऐकवेना. हात सारखा बटणाकडे जाई आणि तो मागे घेई. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. नाना सगळीकडे अडखळत नव्हते. कावळ्याच्या गोष्टीत ते सरळ वाचत होते. अंगाईत तर चक्क ठेका धरला होता. अडखळत होते ते पत्रात, आणि तिथेही ठरावीक जागी. 'तू चालायला लागशील', 'तू शाळेत जाशील', 'तुला मी यार्डात घेऊन जाईन'. पुढच्या काळाचं वाक्य आलं की श्वास अडे, आवंढा गिळल्याचा बारीक आवाज येई, आणि मग शब्द येत ते कापरे.

त्याने ती जागा चार वेळा ऐकली. हा घशाचा दोष नव्हता. घसा गोष्टीतही तोच होता. नाना घाबरले होते.

आठवडाभर तो त्याच जागा कापत आला होता. दोष म्हणून! रोज बापासमोर बसून आवाज टिपून, मग त्याने त्यातली बापाची भीती निगुतीने काढून टाकली होती, आणि एकदाही त्याला ती ऐकू आली नव्हती. दिगंबरला रडूच कोसळलं.

तो खाली आला. नाना पडवीत शेंगा फोडत बसले होते. दिगंबर शेजारी टेकला.

"नाना, भीती वाटते का हो?"

नाना उसळले. घसा खरवडून म्हणाले, "कुणाला? मला? कोन म्हनतं?"

"मी ऐकलं, नाना."

नानांनी दोन-तीन शेंगा फोडल्या. दाणे मात्र सुपात पडले नाहीत, हातातच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "भ्या वाटतंय रं. लई वाटतंय. टेबलावरनं उठलोच न्हाई तर? आन् उठलो तरी... माझ्याजवळ दुसरं काय हाय दिगू? ना शिक्षान, ना जमीनजुमला. ह्या एका आवाजावर घर चालवलं. त्योच गेला तर मी घरात हाय का न्हाई, ह्ये तरी कळंल का कुणाला? पोरगं म्हनंल, आजा नुसता बघत बसतो."

"मग आधी का नाही बोललात?"

"तू इचारलंस कवा? तू म्हनायचास, माइकच्या जवळ या, माइकपासून लांब बसा. त्यातच सारा येळ जायचा. आन् तुझी उमेद बघून मला बोलवंना बी."

दिगंबरने बापाचा हात धरला. लहानपणानंतर प्रथमच धरला असावा, कारण दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं झालं. पण कोणी सोडला नाही. त्या दुपारी काहीही रेकॉर्ड झालं नाही. बोलणं मात्र तिन्हीसांजेपर्यंत चाललं. ऑपरेशन, डॉक्टर, पुढे लिहून बोलायला लागणारी पाटी-पेन्सिल, यार्डातले दिवस, दिगंबरच्या आईचं जाणं, ज्याविषयी आजवर बापलेकांत चकार शब्द निघाला नव्हता, तेही सगळं निघालं. नानांच्या मनावरचा भार किती उतरला ते देव जाणे, पण त्या रात्री ते जेवले पोटभर.

दुसऱ्या दिवशी नाना आपणहून माडी चढून आले. दिगंबरने कागद पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. म्हणाले, "ह्ये तुझं ग्वाड ग्वाड मला जमत न्हाई. मी माझं बोलतो."

ते रेकॉर्डिंग सुमारे अकरा मिनिटांचं आहे. त्यात नाना बाळाला सांगतात की मी तुझा आजा, कांदं विकायचो, माझा आवाज लई मोठा हुता, आता बसलाय. सांगतात की मला आपरेशनची भीती वाटती, पन तुला बघायचं हाय म्हनून मी जानार हाय. मग त्यांना पुढे बोलवत नाही. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येतो, आणि मागे पंखा. त्यानंतर ते म्हणतात, "थांब हां बाळा. जरा थांब. आजा हितंच हाय."

दिगंबरने त्यातलं काहीही कापलं नाही.